मेखेच्या पलीकडचं सूप

अहो, ऐकताय ना? मध्येच तोडून बोलायला आता तुम्ही नाही, म्हणून ती हकीकत पहिल्यांदाच मी सुरुवातीपासून सांगणार आहे. उभा जन्म तुम्ही ओट्यावर बसून ती सांगितलीत आणि मी आतून खोकत राहिले. पाहुणे विचारायचे, "काकूला बरं न्हाय का?" तुम्ही म्हणायचात, "बरी हाय की. तिला माझी नेजाबाजी मानवत न्हाय." मला तो घोड्यावरून भाल्यानं मेख उचलायचा खेळ चांगला मानवत होता. मानवत नव्हतं ते तुमचं सांगणं. त्यात तुमची मांड असायची, तुमच्या मनगटाचा झटका असायचा, दफेदारचाचांचे डावपेच असायचे. माझ्या माहेरची घोडी बिचारी कुठंतरी कोपऱ्यात यायची. आणि सुपाचं तर नावच नाही!

सोमवारी सकाळी तुम्ही गेलात. पूजा झाली, विभूती लावलीत, चहाला बसलात आणि कशावरून तरी आपलं तेच जुनं भांडण निघालं. मी म्हणाले, "डोळे मिटलेले होते तुमचे." तुम्ही म्हणालात, "उघडे व्हते." मी म्हणाले, "मिटलेले!" तुम्ही हसलात, कप बशीत ठेवलात आणि भिंतीला टेकलात. मी साखर आणायला आत गेले. परत आले तर तुम्ही तसेच, तोंडावर हसू ठेवून. वाद हरायला आला की झोपेचं सोंग घ्यायचं ही तुमची जुनी खोड. "उठा आता, सोंगं पुरे," असं मी म्हणालेसुद्धा.

स्वामी आले, म्हणाले, "आक्का, रडू नका. आपल्यात माणूस मरत न्हाय, लिंगैक्य होतो." मी रडले. का रडू नये? पण रडता रडता मला तुम्ही त्या घोडीच्या, आपल्या बंगारीच्या मानेवरून उडून कडब्याच्या गंजीत पडलेले दिसलात आणि पदर तोंडात कोंबावा लागला. सुनेला वाटलं, मी हुंदका दाबतेय. तिनं पाणी आणलं. ते पिताना मला ठसका लागला तो हसण्याचाच होता, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आता बंगारीपासून सांगते, कारण हकीकत तिच्यापासूनच सुरू होते, तुमच्यापासून नाही.

माझं माहेर नळदुर्गाच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवर. आप्पा फिरते वाणी. तट्टावर खुर्जी टाकायची, तिच्या दोन्ही पोटांत हळद, सुपारी, खोबरं, मीठ भरायचं आणि वाड्यावस्त्या करायच्या. दारात आप्पांची हाळी आली की बाई सुपात जोंधळे घेऊन बाहेर यायची. जोंधळे आप्पांच्या मापात, आप्पांची हळद तिच्या पदरात. आणि सुपाच्या कोपऱ्यात राहिलेले मूठभर दाणे बंगारीच्या तोंडापुढं. ही रीतच होती, कुणी ठरवली नव्हती. त्यामुळं बंगारीला रस्ते माहीत नव्हते, गावं माहीत नव्हती, तिला सूप माहीत होतं. बाईच्या हातात सूप दिसलं की ही थांबलीच. मग आप्पांना काही विकायचं असो वा नसो.

रंगानं पिवळी धमक, म्हणून आप्पांनी नाव ठेवलं बंगारी. कानडीत बंगार म्हणजे सोनं. निजामाचं राज्य होतं, सगळीकडं टंचाई होती, सोनं कुठून आणणार लेकीच्या लग्नात? आप्पा म्हणाले, "हे घे बंगार." त्यांचे गुडघे गेले होते, फिरणं सुटलं होतं. अशी बंगारी माझ्या मागोमाग बेंबळीला आली. मामंजींचं किराण्याचं दुकान, त्यांना वस्त्यांवर माल न्यायला तट्टू हवंच होतं. बेंबळीच्या बायकाही सुपातच जोंधळे आणायच्या. बंगारी माझ्याआधी सासरी रुळली.

आणि मग एक दिवस मामंजींनी तुम्हाला मीठ आणायला धाराशिवला पाठवलं. तुम्ही मीठ विसरलात आणि नेजाबाजी घेऊन आलात.

घरात पाऊल टाकल्यापासून तुमचं तेच. जेवायला बसलात ते ताटात लिंबाची फोड उभी करून. "ही मेख," म्हणालात. "जमिनीत ठोकलेली. घोडा भरधाव सुटतो. सवार असा वाकतो, नेजा असा पुढं, आणि मेख टोकाला टोचून वर!" तुमच्या हातातलं मुळ्याचं पातं फोडीला लागलं नाही, आमटीच्या वाटीला लागलं. आमटी मामंजींच्या धोतरावर. मामंजी एवढंच म्हणाले, "मीठ कुठं हाय?"

तो खेळ तेव्हा आपल्यासारख्यांचा नव्हताच. रिसाल्यातले सवार खेळायचे, जहागीरदार खेळायचे, उंचपुरे घोडे, चकचकीत खोगिरं. आपण लांबून बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या. पण गावात दफेदारचाचा होते, रिसाल्यातली नोकरी संपवून घरी आलेले. त्यांचा नेजा भिंतीवर टांगलेला असायचा आणि त्यावर चाची मिरच्या वाळत घालायच्या. तुम्ही त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिलात. वाण्याचा पोरगा नेजाबाजी शिकतो म्हटल्यावर चावडीवर हशा पिकला. चाचा हसले नाहीत. त्यांनी तुमचा हात धरून बघितला. "तराजू पकडनेवाला हात है तेरा, हिलता नै. आजा," म्हणाले. हे तुम्ही सांगताना दरवेळी हात पुढं करून दाखवायचात. दाखवा, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. तो हात खरंच हलत नव्हता.

पण अक्कल? पहिली मेख तुम्ही बाभळीची केलीत! नांगर बाभळीचा, जू बाभळीचं, मग मेख का नको, असा तुमचा न्याय. चाचा त्या दिवशी उमरग्याला गेलेले. तुम्ही गुपचूप बंगारीवर बसून सराव करायला गेलात, नेजा मेखेला लागला, मेख जागची हलली नाही आणि तुमचा खांदा हलला. चाचा परत आले तेव्हा तुम्ही हात गळ्यात बांधून बसलेले. "अरे ये तो बैल बांधने का खूंटा है रे!" म्हणून ते जे हसले ते चाचींनी पाणी आणून दिल्यावर थांबले. मेख शिंदीच्या खोडाची करायची असते, मऊ, टोक आत शिरलं पाहिजे, हे तुम्हाला तेव्हा कळलं. तुमच्या खांद्याला मी हळद लावली. आप्पांच्या खुर्जीतली हळद होती ती, म्हणून लवकर बरा झाला.

एकट्यानं खेळून मजा येईना, म्हणून तुम्ही गावालाच नादी लावलंत. ज्याच्या घरी तट्टू तो सवार! वेळूची काठी आणि लोहारानं गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचं करून दिलेलं टोक, झाला नेजा. चाचा म्हणायचे, रिसाल्याच्या उंच घोड्यावरून मेखेपर्यंत वाकता वाकता सवाराची कंबर मोडते, तुमचं तट्टू तर जमिनीला लागूनच आहे, अर्धं काम तिथंच झालं. ते ऐकून माणसांना असा काही हुरूप आला की मेलेली तट्टं जिवंत झाली. इतके दिवस ज्यांना लाथा मिळत होत्या त्यांना आता भिजवलेले हरभरे मिळायला लागले.

आता आला तुमचा खांद्यानंतरचा दुसरा पराक्रम. गावातला पहिला सामना. मैदान कुठं घ्यायचं? तुम्ही म्हणालात, खळ्यांचा माळ. सपाट आहे, दगड नाहीत, वाराही चांगला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, वारा चांगला आहे म्हणूनच तिथं खळी आहेत, आणि ज्वारी खळ्यावर आलेली असताना त्या माळावर कोण असणार? सगळ्या बायका! आणि त्यांच्या हातात काय असणार? एकाही बाप्याच्या डोक्यात आलं नाही. मीही तिथंच होते, तुमच्या आईच्या, आत्याबाईंच्या शेजारी उपणत. तुम्हाला सांगायला धावले, पण तोवर तुम्ही टाच मारली होती.

बंगारी सुटली, काय सुटली! पहिल्या खळ्यापर्यंत मलाही वाटलं, जमलं. तिथं पाटलांची सून सूप वर धरून उभी. बंगारी जागच्या जागी थांबली. तुम्ही थांबला नाहीत. नेजासकट तिच्या मानेवरून गेलात ते थेट गंजीत. कडब्यातून तुमचे दोन पाय तेवढे दिसत होते. बंगारीनं सुपात तोंड घातलं आणि सावकाश चघळायला लागली. तुम्ही पुन्हा बसलात. ती पुन्हा सुटली आणि पुढच्या खळ्यावर थांबली. एकेक खळं करत, प्रत्येक बाईची विचारपूस करत, ती माझ्यापर्यंत आली. मेख पार मागं राहिली होती. चाचा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अरे भई, ये घोडी है या मुनीम? हर दरवाजे पे हाजरी लगाती!"

माळ हसत होता. आत्याबाई हसत होत्या. तुम्हीही हसत होतात, केसांत कडबा घेऊन. एकटे मामंजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा जो तो विचारायला लागला, "मुनीम कुठं हाय?" संध्याकाळी मामंजींनी सांगून टाकलं. "दुकानाचं हसं झालं. येत्या उरुसात तो धाराशिवचा सामना हाय न्हवं? तिथं हिनं एक मेख उचलू दिली तर ऱ्हाऊ द्या. न्हायतर तिथनं सरळ कळंबच्या बाजारात इकून येतो."

त्याच वर्षी आप्पा लिंगैक्य झाले होते. आई, माझी अव्वा, तर लहानपणीच गेलेली. माहेर म्हणून माझ्याजवळ जे उरलं होतं ते गोठ्यात उभं होतं आणि शेपटीनं माशा हाकत होतं. सुनेनं बोलायचे दिवस नव्हते ते. पण मी गोठ्यात जाऊन तिच्या मानेला कपाळ टेकून उभी होते आणि तुम्ही मागून आलात. म्हणालात, "न्हाय जाऊ द्यायचं तिला. आपल्या घरातली एकटीच हाय जी तुझ्याशी कानडीत बोलते." अहो, तुमच्या तोंडून मी आयुष्यात जे काही गोड ऐकलं, त्यात ते सगळ्यात वर आहे. नंतरची चाळीस भांडणं मी त्या एका वाक्यावर माफ केली.

मग तुमचा सराव सुरू झाला. ओसाड माळावर, जिथं बाई नाही आणि सूप नाही, तिथं बंगारी वाऱ्यासारखी जायची. तुम्ही मेखा उचलून आणायचात आणि स्वयंपाकघरात माझ्यापुढं टाकायचात. त्यांच्या जाळावर मी भाकरी भाजायचे. एकदा तुम्ही चिडून तिच्यावर चाबूक उगारलात, तर चाचांनी हात धरला. "मारना नको. उसकू क्या हुना, वो समज." तिला काय पाहिजे ते समजून घे. तुम्ही मान हलवलीत आणि काही समजून घेतलं नाहीत. त्या वाक्याचा अर्थ मला लागला, तोही ऐन वेळी.

उरुसाला आपलं सगळं घर बैलगाडीनं धाराशिवला गेलं. चाचांनी जुन्या ओळखीनं रिसाल्याच्या एका साहेबांकडून परवानगी काढली होती. साहेबांनी बंगारीकडं बघितलं आणि हसू मिशीत लपवलं. "टट्टू? चलो, दो दौड." दोन धावा. उंच घोड्यांच्या रांगेत आपली बंगारी अशी दिसत होती की जणू कुणाचं तरी पोर चुकून तिथं येऊन उभं राहिलंय. मामंजी पुढं जाऊन बसले. आम्ही बायका गाडीत, मैदानाच्या कडेला. आणि मी घोडे धावायच्या त्या आखलेल्या पट्टीच्या कडेनं नजर टाकली. उरूस तो! कडेनं चुरमुरेवाल्या, लाह्यावाल्या, फुटाणेवाल्या ओळीनं बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप!

पहिली धाव सांगायलाच नको. तुम्ही तर ती कधी सांगितलीच नाहीत. बंगारी सुटली आणि अर्ध्यावर तिनं पट्टी सोडली, सरळ एका चुरमुरेवालीपुढं जाऊन उभी राहिली. तुम्ही या वेळी पडला नाहीत, तेवढी प्रगती होती. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मामंजी उठून उभे राहिले आणि कळंबच्या दलालाला हुडकायला लागले. तो उरुसात आलेलाच होता.

त्या वेळी मला आप्पा दिसले. वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत बंगारी कधीकधी दमून जायची, मध्येच बसकण मारायची. तेव्हा आप्पा काय करायचे? पुढं जायचे, त्या शेवटच्या बाईचं सूप हातात घ्यायचे आणि तिथून हाळी घालायचे. मग ही उठून पळत यायची. तिला काय हवंय ते मला माहीत होतं. फक्त ते वाटेत नको, टोकाला हवं.

मी गाडीतून उडी मारली. त्या चुरमुरेवालीच्या मांडीवरचं सूप उचललं. "अगं बया! माझं सूप! धरा हिला!" म्हणून ती ओरडायला लागली. मी पळत सुटले. पदर डोक्यावरून गेला, खांद्यावरून गेला, त्याचं मला भान नव्हतं. पळता पळता ओरडले, "आत्याबाई, सुपं खाली ठेवा म्हणावं!" मला वाटलं, आता आत्याबाई मला फाडून खातील. पण त्या बाईनं काय केलं? गाडीतून उतरल्या, कमरेला पदर खोचला आणि त्या ओळीतून चालत गेल्या. "ठेवा गं सुपं खाली! झाका! पदर टाका वर! नंतर तुमा समद्यांचं चुरमुरं मी घेते!" आयुष्यभर मी त्यांच्या धाकात राहिले, पण त्या दिवसापासून धाकाला वेगळी चव आली.

मी मेखेच्याही पलीकडं जाऊन उभी राहिले, पट्टीच्या अगदी टोकाला. सूप डोक्यावर धरलं. समोर सगळा धाराशिवचा माळ, साहेब, सवार, सासरे, आणि मी तरणीताठी सून उघड्या डोक्यानं. मग मी आप्पांची हाळी घातली. "बा, बंगारी, बा!" ये, बंगारी, ये. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला तर नव्हतंच. नंतर पुष्कळदा कळलं.

बंगारीनं कान टवकारले. मग ती जी आली! लाह्या बघितल्या नाहीत, फुटाणे बघितले नाहीत, उंच घोड्यांकडं बघितलं नाही. सरळ, दोरीत. तुम्ही तिच्या मानेवर आडवे, नेजा पुढं, आणि तुमचे डोळे मिटलेले. मी समोर होते, अहो. साऱ्या मैदानात तुमचं तोंड समोरून बघणारी मी एकटीच होते. मिटलेले होते. मेख कधी टोकाला लागली ते मला कळलं नाही, कारण बंगारी अंगावर आली, थांबली आणि तिनं सुपात तोंड घातलं. चुरमुरे माझ्या केसांत, तिच्या नाकपुड्यांत, सगळीकडं. मी वर बघितलं. तुम्ही एक डोळा उघडून नेज्याच्या टोकाकडं बघत होतात. टोकाला शिंदीची मेख होती.

माळावर काय ओरडा झाला! दफेदारचाचा रडत होते आणि कुणी विचारलं की धूळ गेली म्हणत होते. साहेब चालत आले, बंगारीच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाले की पुढच्या उरुसाला टट्टूंची वेगळी पट्टी आखा. मामंजी आले. मी घाईनं पदर सावरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, दलालाकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "घोडी इकायची न्हाय." मग चुरमुरेवालीकडं जाऊन तिचा सगळा माल घेतला. आम्ही चार दिवस चुरमुरे खात होतो.

एवढी हकीकत आहे. तुम्ही ओट्यावर सांगायचात ती अशी: "चाचा म्हणले, मांड घट्ट धर. म्या धरली. अन् उचलली मेख!" मग मी खोकू नको तर काय करू?

पुढच्या उरुसाला वाशीचे शेतकरी आपली तट्टं घेऊन आले. मग कळंबच्या बाजारकऱ्यांची आली. ज्या खेळाला आपल्याला कडेनं उभं राहून टाळ्या वाजवायला लागायच्या, त्यात आता टाळ्या वाजवायला साहेब लोक. मग ते वाईट साल आलं. निजामाचं राज्य जाता जाता माणसं माणसांना ओळखेनाशी झाली. आधी एका बाजूनं भीती, मग दुसऱ्या बाजूनं. तुम्ही चाचा-चाचींना आणून दुकानाच्या माडीवर ठेवलंत आणि खाली दारात बाज टाकून बसलात, नेजा मांडीवर घेऊन. लोक आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "वर माझा गुरू हाय." तेवढंच म्हणालात. लोक परत गेले. ही हकीकत मात्र तुम्ही कधीच कुणाला सांगितली नाहीत. त्याबद्दल मला तुम्हाला कधीतरी काही म्हणायचं होतं, ते राहून गेलं. आता म्हणते. त्या दिवशी तुमचे डोळे उघडे होते.

रिसाले मोडले, जहागिऱ्या गेल्या, उंच घोडे कुठं गेले कोण जाणे. खेळ मात्र राहिला, तो आपल्या तट्टांवर. सुगी झाली की तुमचं बोलावणं यायचं. आज वाशी, उद्या कळंब, परवा आणखी कुठलं गाव. पट्टी आखून द्यायला, पोरांची मांड बसवायला तुम्ही जायचात आणि दुकान माझ्या गळ्यात. एकदाही मला नेलं नाहीत. बंगारी म्हातारी होऊन आपल्या दारात गेली, तिच्या लेकीच्या लेकीवर बसून तुम्ही जायचात. मी विचारायचे, काय सांगता तिथं एवढं? तुम्ही म्हणायचात, "तुला काय करायचंय? नेजाबाजीच्या गोष्टी." मला वाटायचं, तीच मांड आणि तोच मनगटाचा झटका. परगावी तर मी खोकायलाही नाही!

काल दुपारी ती माणसं भेटायला आली. वाशीची, कळंबची, कुठल्या कुठल्या गावांची. ओसरी भरली. त्यांच्यात वाशीची एक म्हातारी होती, माझ्याच वयाची, तिच्या हातात जोंधळ्यानं भरलेलं सूप. भेटायला येताना सूप कशाला आणलं हिनं, असं मला वाटलं. ती माझ्यापुढं बसली, सूप माझ्या पायाशी ठेवलं आणि हात जोडले.

"सुपाच्या आक्का तुमीच का?" म्हणाली.

मी म्हणाले, "कोण सुपाची आक्का?"

"अवो, तुमच्या मालकांची रीत न्हवं का! आमच्या वाशीत तुमची जागा हाय, पट्टीच्या टोकाला. आक्काची जागा. गावातली एक बाई सूप घेऊन तितं हुबी ऱ्हाती, मगच पहिला घोडा सुटतो. किती वर्षं मीच ऱ्हायले. मालक म्हणायचे, माझी मेख म्या न्हाय उचलली, सुपानं उचलली."

कळंबचे मास्तर म्हणाले, "आमच्याकडंही तीच रीत. आक्काची जागा आखल्याशिवाय त्यांनी कधी पट्टी आखून दिली नाही."

मी त्या म्हातारीचा हात धरला. विचारू नये ते विचारलं. "आणि डोळ्यांचं काय सांगायचे?"

ती हसली. "मिटले व्हते म्हणायचे की! म्हणायचे, भ्यालो व्हतो. काय दिसत नव्हतं. तिचा आवाज येत व्हता, तिकडं गेलो."

अहो! साऱ्या मुलखाला सांगितलंत. वाशीच्या म्हाताऱ्यांना माहीत, कळंबच्या मास्तरांना माहीत, आणि घरात, माझ्यापुढं, सोमवारच्या चहापर्यंत "उघडे व्हते"! ओसरीवर एवढी माणसं शोक करायला आलेली, आणि मी हसत सुटले. सून धावत आली. त्या म्हातारीलाही हसू फुटलं. मग ओसरीवर हळूहळू सगळेच हसायला लागले, आणि तुमच्या घरी तुमचं शोकाचं बसणं असं झालं. तुम्ही असतात तर तुम्हाला आवडलं असतं.

मला कळलं हो, का ते. तुम्ही एकदा कबूल केलं असतंत तर मी खोकले नसते. आणि आतून खोकला आला नसता तर ती गोष्ट सांगायला तुम्हाला गोडी वाटली नसती. एवढ्यासाठी आयुष्यभर हरत नाही असं दाखवलंत. मोठे लबाड होतात तुम्ही. मी तुमच्यावर फार रागावले आहे आणि इतकी खूश आहे की माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नाही.

त्या म्हातारीचं सूप मी ठेवून घेतलंय. पण आता ते घेऊन मी टोकाला उभी राहायची नाही. तुम्ही पुढं गेलात, तेव्हा या खेपेला टोकाला तुम्ही. माझीही पट्टी आता फार उरलेली नाही. मी नीट येईन, मध्ये कुणाच्या दारात थांबणार नाही. सूप वर धरा, लांबून दिसेल असं, आणि हाळी घाला. कानडीत घाला, एवढ्या वर्षांत तेवढे दोन शब्द तर आले असतील. माझे डोळे उघडे असतील की मिटलेले, ते तेवढं समोरून बघून ठेवा. पुढं भांडायला लागेल.